मुलांच्या दातांच्या दवाखान्याला रंग कोणता द्यावा? आधी मूल कुठे बघतं ते बघा

प्रश्न असा आहे: नागपुरात धरमपेठेत लहान मुलांसाठी दातांचा दवाखाना सुरू करायचा आहे. दहा बाय बारा फुटांची ऑपरेटरी (उपचाराची खोली), साधारण तेवढीच वेटिंग रूम, ऑपरेटरीची खिडकी पश्चिमेला. इंटिरियरवाला म्हणतो चारही भिंतींवर कार्टून काढू. पेंटर म्हणतो आकाशी मारा. निळ्याने मुलं शांत होतात आणि लालने रडतात असं वाचलंय. खरं काय, आणि नेमकं करायचं काय?

उत्तर आधी सांगून टाकतो. रंगाचा मुलाच्या भीतीशी संबंध आहे, पण त्यात भिंतीच्या रंगाचा नंबर शेवटचा. दारातून आत येताना, आईच्या कडेवर असताना आणि खुर्चीत आडवं झाल्यावर मुलाची नजर जिथे पडते, तिथले रंग आधी सांभाळायचे. छत, ट्रे, हातमोजे, मास्क, बिब (गळ्यात बांधायचं फडकं), थुंकायचं भांडं आणि डोक्यावरचा लाइट. भिंत यानंतर. आणि यातलं काहीही सांगणं-दाखवणं-करणं (आधी मुलाला सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं) या क्रमाची जागा घेत नाही. आकाशी खोलीत मुलाचे हात धरून दात काढला तर ते पुढच्या वेळी आकाशी रंग बघूनच रडेल.

निळा-लाल हे कुठून आलं ते बघू. दंतचिकित्सेतले या विषयावरचे बरेचसे अभ्यास एकाच धाटणीचे आहेत: शाळकरी मुलांना हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रं द्यायची, रंगपेटी द्यायची आणि कोणता रंग कुठे भरतात ते मोजायचं. आपल्याकडे झालेल्या अशा अभ्यासात हसऱ्या चेहऱ्याला पिवळा आणि निळा जास्त आला, रडक्याला काळा आणि लाल. इथपर्यंत ठीक. पण मुलाने हसरा चेहरा पिवळा रंगवला म्हणून पिवळ्या भिंतींच्या खोलीत एअरोटर (दात कोरायचं यंत्र) सुरू झाल्यावर ते कमी घाबरेल, असं त्यातून निघत नाही. आवडणं वेगळं, भीती उतरणं वेगळं. शिवाय रंगाचा अर्थ बराचसा शिकलेला असतो. नागपूरचं मूल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन्ही मारबती निघताना बघतं, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतं. त्याच्या डोक्यातलं काळं-पिवळं अभ्यासाच्या तक्त्यातल्यासारखंच असेल असं नाही.

याहून कामाची माहिती १९९४ सालच्या एका प्रयोगातून मिळते. तो मोठ्या माणसांवर झाला होता हे लक्षात ठेवून वाचायचं. त्यात रंग निळा की हिरवा यापेक्षा तो किती भडक आणि किती उजळ आहे याचा भावनेवर परिणाम ठळक दिसला. उजळ रंग सुखद वाटतात, भडक रंग अंगात उत्तेजना वाढवतात. म्हणजे भडक निळा हा फिकट पिवळ्यापेक्षा ‘शांत’ असेलच असं नाही. पेंटवाल्याकडच्या शेड कार्डवर बोट ठेवताना हाच नियम धरा: आधी फिकटपणा ठरवा, मग रंग.

गुलाबी रंगाचीही एक कथा अधूनमधून फिरते. १९७९ साली सिॲटलच्या नौदलाच्या कोठडीत भिंतींना एक ठरावीक गुलाबी दिला आणि कैद्यांची आक्रमकता उतरली, असा दावा झाला. पुढे स्वित्झर्लंडच्या तुरुंगात काटेकोर तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. कोणी ‘सायंटिफिक पिंक’ विकायला आला तर चहा पाजून परत पाठवा.

आता मुलाच्या नजरेने दवाखान्यातून चाला. शब्दशः. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटिमीटर उंच, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून ९० सेंटिमीटरच्या आसपास. इंटिरियरवाला चित्र लावतो १५० सेंटिमीटरवर, ते आईबापांसाठी. मुलाला दिसते रिसेप्शनच्या टेबलाची समोरची फळी, खुर्च्यांचे पाय आणि कोपऱ्यातला कचऱ्याचा डबा. त्यामुळे जे काही रंगीत आणि बघण्यासारखं ठेवायचं ते ६० ते ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यात. कडेवरचं मूल १३० ते १४० वरून बघतं, त्यासाठी दाराजवळ एखादं चित्र वर ठेवा, बस.

वेटिंग रूममधून काय काढायचं हे काय लावायचं याच्या आधी येतं. आपल्या भागात बऱ्याच दातांच्या दवाखान्यांत खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) झालेल्या तोंडाच्या कॅन्सरचे फोटो लावलेले असतात. जनजागृती म्हणून ते हवेतच, पण मोठ्यांच्या बाजूला, मुलांच्या नजरेबाहेर. त्या पोस्टरवर लाल, काळा आणि मांसाचा रंग आहे. भिंतीला कितीही सौम्य फिरोजी द्या, मूल बघणार तेच. तसंच प्लास्टरचे जबडे, बरणीतले काढलेले दात, आणि ‘दातातला किडा’ दाखवणारं ते काळे दात असलेल्या राक्षसाचं चित्र. वाघ लावायला हरकत नाही, ताडोबा आणि पेंच हाकेच्या अंतरावर असताना वाघ नसेल तर मुलंच विचारतील. फक्त जबडा उघडलेला वाघ नको. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल दोन-तीन ठेवले तर त्यांच्याशी खेळता येतं आणि ते पुसताही येतात.

सगळ्यात मोठी चूक वेटिंग आणि ऑपरेटरीच्या सांध्यावर होते. बाहेर कार्टून, फुगे, सात रंग. दार उघडलं की पांढरं-स्टीलचं ऑपरेशन थिएटर. चार पावलांत जग बदलतं, आणि मुलाला नेमकं तेच कळतं की आता काहीतरी होणार. मूल उंबऱ्यावर अडतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. उपाय भिंती भरून टाकणं हा नाही. एकच रंगाचा धागा बाहेरून आत, थेट खुर्चीपर्यंत न्यायचा. नागपूरच्या मुलांना मेट्रोची ऑरेंज लाइन आणि ॲक्वा लाइन माहीत असते, त्याचा उपयोग करा: जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर मध्य येईल असा १० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, वेटिंगपासून पॅसेजमधून खुर्चीपर्यंत, त्यावर पाच स्टेशनं. ‘नाव सांगा’, ‘वजन’, ‘आरसा’, ‘खुर्ची’ आणि परत बाहेर ‘बक्षीस’. शेवटचं स्टेशन बाहेरच असावं. मुलाला परतीचा रस्ता आधीच दिसायला हवा. ॲक्वा घ्या, संत्री नको, कारण संत्री पट्टा ऑपरेटरीत दाताची शेड, म्हणजे दाताचा रंग, जुळवण्याच्या कामात आड येतो. पट्टा मारताना मास्किंग टेप रंगाचा दुसरा हात थोडा ओला असतानाच, ४५ अंशांत मागे ओढत काढायची. वाळल्यावर काढली की कड फाटते.

खुर्ची. इथे थोडं थांबू, कारण सगळं इथेच आहे.

पाच वर्षांच्या मुलाला खुर्चीत पूर्ण आडवं केलं की भिंती दृष्टीबाहेर जातात. उरतं छत, लाइटचं तोंड, तुमचा मास्क आणि चष्मा, आणि मान वळवली तर ट्रे. छतावर चित्र लावायचं तर कुठे? बरेच जण बरोबर डोक्याच्या वर लावतात. तिथे लाइटचा हात येतो आणि चित्र अर्धं झाकतो. खालच्या दातांचं काम करताना मुलाची हनुवटी छातीकडे असते आणि नजर पायांच्या दिशेने झुकते. वरच्या दातांसाठी मान मागे जाते आणि नजर डोक्याच्या मागच्या बाजूला. म्हणून एक मोठं चित्र लावण्यापेक्षा दोन लावा. मुख्य चित्र छातीच्या वर, किमान ३ बाय ४ फुटांचं. दुसरं डोक्याच्या मागे, लाइटच्या हाताच्या पलीकडे. नऊ-दहा फूट उंच छतावर याहून लहान चित्रातलं काही आडव्या मुलाला ओळखू येत नाही. जिप्सम छताला दोन बाय दोन फुटांच्या टाइल असतील तर लगतच्या चार टाइलच्या जागी छापील शीट बसवता येते. मागून प्रकाश देणारं पॅनल घ्यायचं असेल तर डिमरसकटच घ्या, नाहीतर चकाकीने मूल डोळे मिटतं, आणि डोळे मिटलेल्या मुलाला प्रत्येक आवाज मोठा ऐकू येतो.

चित्रात काय असावं? मोजता येईल असं काहीतरी. संत्र्याच्या झाडावर लपलेले पोपट, फुटाळा तलावाच्या पाण्यावरच्या होड्या. ‘पोपट किती ते सांग’ म्हटलं की इंजेक्शनच्या आधीच्या वीस सेकंदांची सोय होते. पार्श्वभूमी फिकट निळी-हिरवी, मोजायच्या वस्तू ठळक. पूर्ण भडक चित्र मोजायला अवघड जातं.

लाइट. जुन्या हॅलोजन लाइटचा रिफ्लेक्टर आरशासारखं काम करतो. मूल त्यात आपलं उघडं तोंड आणि तोंडाकडे येणारी सिरिंज, दोन्ही बघू शकतं. सिरिंज कितीही हनुवटीखालून दिली तरी फायदा होत नाही आणि ‘मुलाला कसं कळलं’ म्हणून आपण चकित होतो. सहायकाच्या आणि तुमच्या चष्म्यातही प्रतिबिंब पडतं. मॅट तोंडाचा एलईडी लाइट असेल तर हा प्रश्न कमी. नसेल तर खुर्चीत स्वतः आडवे व्हा, सहायकाला टोपण लावलेली सिरिंज तोंडाजवळ आणायला सांगा आणि कुठून दिसते ते बघून लाइटचा कोन बदला. लाइट लावताना तो आधी मुलाच्या छातीवर पाडा, मग हळूहळू वर हनुवटीपर्यंत आणि मग तोंडात. सरळ डोळ्यांवर पडलेला पहिला झोत म्हणजे पहिला धक्का.

मुलांसाठी केशरी काचांचा चष्मा ठेवा. दातातलं भरण घट्ट करणाऱ्या क्युअरिंग लाइटचा निळा प्रकाश ४५०-४७० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि केशरी काच तोच अडवते, म्हणजे डोळ्यांचं रक्षण होतं. वरून दुसरा फायदा: केशरी काचेतून रक्ताचा लाल आणि गॉजचा (जाळीच्या कापडाचा) पांढरा यांतला भेद मवाळ होतो. दोन-तीन चष्मे वेगवेगळ्या फ्रेमचे असावेत, प्रत्येक मुलानंतर पुसून.

लाल रंगाबद्दल बोलायचं तर भिंतीवरचा लाल हा मुद्दाच नाही, मुद्दा आहे रक्ताचा. ते कशावर पडतं यावर ते किती दिसतं हे ठरतं. पांढऱ्या लेटेक्स हातमोज्यावर रक्ताचा एक थेंबही ओरडून दिसतो. निळ्या नायट्राइल हातमोज्यावर तो काळपट होतो आणि लक्ष जात नाही. शस्त्रक्रियेच्या चादरी हिरव्या-निळ्या असतात त्यामागे हाच हिशेब आहे. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका सर्जनने पांढऱ्याच्या चकाकीला वैतागून पालकाच्या हिरव्या रंगाचं कापड वापरायला सुरुवात केली. तेच आपण छोट्या प्रमाणात करायचं. बिब फिकट निळं किंवा हिरवं, तोंड पुसायचा नॅपकिन गडद निळा, ट्रेवर निळा कागद. वापरलेला गॉज ट्रेवर रचून ठेवायचा नाही. काळे हातमोजे आणि काळी खुर्ची अलीकडे फोटोत छान दिसतात म्हणून येऊ लागली आहेत. मुलांच्या दवाखान्यात ती नकोत.

थुंकायच्या भांड्याचं वेगळं. मूल दात काढल्यावर वाकतं, थुंकतं, आणि पांढऱ्या भांड्यात लाल पाणी बघतं. शांत बसलेलं मूल इथे बिथरतं. दोन मार्ग आहेत. एक, पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना थुंकायलाच लावायचं नाही, सक्शनने ओढून घ्यायचं. दात काढल्यावर तसंही जोरात चूळ भरायची नसतेच. दोन, थुंकायच्या आधी भांड्याचं पाणी पाच सेकंद सुरू ठेवायचं आणि ते चालू असतानाच थुंकायला सांगायचं. घरी जाताना दाबून धरायला द्यायचा गॉज ओला करून, घडी घालून द्या आणि आईला सांगून ठेवा की लाळेत मिसळलेलं थोडं रक्त खूप वाटतं. नाहीतर रिक्षात आई घाबरते आणि तिच्याकडे बघून मूल.

तोंडातले रंगही विसरू नका. प्लाक (दातांवरचा चिकट थर) दाखवणारं लाल द्रावण लावून मुलाला आरसा देताना आधी सांगा की दात लाल होणार आहेत आणि ब्रशने जाणार आहेत. न सांगता आरसा दिला तर मुलाला वाटतं रक्त आहे. कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ३८ टक्के लावलं की कीड काळी पडते आणि काळीच राहते. पुढच्या दातांवर हे आईवडिलांना फोटो दाखवून आणि लेखी संमती घेऊनच. मुलाला त्या काळ्याचं फारसं काही नसतं, शाळेत कोणी चिडवेपर्यंत. उलट बाजूने, दुधाच्या दाढांसाठी रंगीत कॉम्पोमर (दाढ भरायचं साहित्य) मिळतं, आणि निळी की सोनेरी हे मुलाला निवडू दिलं तर पुढची दाढ भरायला ते स्वतःहून तोंड उघडतं.

इथेच रंगाचा सगळ्यात भरवशाचा उपयोग येतो: निवड. खुर्चीत आडव्या मुलाच्या हातात काहीच नसतं, सगळं त्याच्यावर केलं जातं. हातमोज्यांचे दोन रंग, बिबचे दोन, चष्म्याच्या दोन फ्रेम, आणि ‘आज कोणता?’ असा खरा प्रश्न. दोनच पर्याय द्या. पाच रंग समोर ठेवले की चार वर्षांचं मूल गोंधळतं आणि आई म्हणते, ‘घे ना रे पटकन, डॉक्टरसाहेबांना वेळ नाही.’ निवडलेला रंग लिहून ठेवा. पुढच्या भेटीत ‘मागच्या वेळी तू हिरवा घेतला होतास’ म्हटलं की अर्धं काम होतं. मात्र ‘उपचार करायचा की नाही’ अशी निवड कधी देऊ नका. उत्तर काय येणार हे माहीत असतं.

डॉक्टरच्या कपड्यांबद्दल फार डोकं चालवू नका. पांढऱ्या कोटाला मुलं घाबरतात हे सरसकट खरं नाही. शाळकरी मुलं अनेकदा पांढरा कोटच डॉक्टरचा म्हणून पसंत करतात, आणि आधीच घाबरलेल्या मुलांना रंगीत कपडे बरे वाटतात. लाल-काळे स्क्रब टाळा एवढं पुरे. मास्क मात्र खुर्चीजवळ, मुलाने चेहरा बघितल्यावर, त्याच्यासमोर चढवा. चित्रांचा मास्क असेल तरी हाच क्रम.

आता कचऱ्याचे डबे, ज्यांच्या रंगाशी खेळता येत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शन टिपसारखं प्लास्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. हे डबे सजवायचे नाहीत, स्टिकरने झाकायचे नाहीत. जागा मात्र आपल्या हातात आहे: खुर्चीच्या डोक्यामागे, सहायकाच्या बाजूला, मूल आत येताना आणि बाहेर जाताना दिसणार नाही अशी. अनेकदा लाल डबा थेट दारासमोर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो.

भिंत. शेवटी तिच्याकडे येऊ.

शेड कार्डवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे त्या रंगावर पडलेल्या प्रकाशाचा किती टक्के परत येतो. ऑपरेटरीला ६५ ते ७५ च्या दरम्यानचा रंग घ्या. ८५ च्या वरचा शुभ्र नागपूरच्या उन्हात, पश्चिमेच्या खिडकीसमोर एप्रिल-मे महिन्यात डोळे दिपवतो. ५० च्या खालचा दिवा लावूनही उदास दिसतो. तुमच्या खिडकीमुळे पिवळा बाद. सकाळी लोण्यासारखा दिसणारा फिकट पिवळा दुपारी चारनंतर तापलेल्या पितळेसारखा होतो. फिकट निळा-हिरवा किंवा राखाडीकडे झुकणारा आकाशी घ्या, आणि मुलाच्या डोक्यामागची, म्हणजे दाताची शेड जुळवताना तुमच्यासमोर येणारी भिंत साधी फिकट राखाडी ठेवा. हिरवी भिंत फार गडद झाली तर तिची छटा मुलाच्या चेहऱ्यावर पडते आणि मूल फिकुटलंय की भिंत हिरवी आहे हे कळत नाही.

कार्टूनला विरोध नाही, पण एकाच भिंतीवर, आणि ती खुर्चीच्या पायांकडची. मूल बसलेलं असताना समोर तीच दिसते. भोवती चारही बाजूंनी मोठे डोळे आणि मोठे दात असले की तीन वर्षांचं मूल आईच्या खांद्यात तोंड लपवतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचाही विचार करा. बालवाडीसारख्या खोलीत त्यांना अपमान वाटतो.

नमुना बघितल्याशिवाय डबा घेऊ नका. २ बाय २ फुटांच्या दोन प्लायवर दोन हात मारून सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात बघा. दहा बाय बाराच्या खोलीच्या भिंती दहा फूट उंचीने ४४० चौरस फूट होतात. दार, खिडकी आणि कपाटं वजा जाता साधारण ३५०. पुट्टी-प्रायमर नीट असेल तर दोन हातांना तीन ते चार लिटर पुरतं. भडक लाल किंवा पिवळा घेतला तर झाकण्याची ताकद कमी असल्याने तीन-चार हात लागतात. चमक मध्यम हवी: पूर्ण मॅट पुसताना डागाळतो, ग्लॉसवर लाइटची चकाकी येते. धुता येणारा इमल्शन घ्या आणि १ टक्का हायपोक्लोराइटने एक कोपरा आठवडाभर रोज पुसून बघा, रंग उतरतो का ते. डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) कमी असल्याचं लिहिलेलं असलंच पाहिजे. भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे, आणि शिशाचा धोका स्वस्त चमकदार पिवळ्या-लाल इनॅमलमध्ये जास्त होता. मुलांच्या फर्निचरला जुनं इनॅमल मारलेलं असेल तर ते घासत बसू नका, बदलाच. शनिवारी रंगवून सोमवारी मुलं बोलावू नका, चार-पाच दिवस खिडक्या उघड्या ठेवा. लवंगेच्या तेलाच्या वासात रंगाचा वास मिसळला की ‘दवाखान्याचा वास’ आणखी उग्र होतो, आणि तो वास मूल रंगापेक्षा जास्त लक्षात ठेवतं.

दिव्यांचं एक कडक सांगणं आहे. मुलांचा दवाखाना म्हटलं की छताच्या कडेने निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या लावायची पद्धत पडली आहे. वेटिंगमध्ये लावा हवं तर, ऑपरेटरीत नको. निळ्या प्रकाशात कंपोझिट (दात भरायचं साहित्य) वेळेआधी घट्ट व्हायला लागतं. कीड, हिरडीची सूज आणि दाताची शेड ओळखता येत नाही. आणि नायट्रस ऑक्साइडवर (भीती कमी करायला हुंगवतात तो वायू) असलेल्या मुलाचे ओठ निळे पडले तर ते दिसायलाच हवेत, ते निळ्या दिव्यात कसे दिसणार? ऑपरेटरीत खोलीभर ५०० लक्सच्या (उजेडाचं माप) आसपास आणि खुर्चीभोवती १००० लक्सपर्यंत पांढरा प्रकाश, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा वर, रंग ४००० ते ५००० केल्विन (आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर). वेटिंगमध्ये ३००० केल्विनचा पिवळसर, निम्म्या जोराचा. स्वस्त ड्रायव्हरचे दिवे लपलपतात. मोबाइलचा कॅमेरा रोखला की पट्टे दिसतात, ते परत करा. खिडकीला फिकट राखाडी रोलर ब्लाइंड, पूर्ण अंधार करणारा नव्हे.

स्वमग्न मुलांसाठी हे सगळं कमी करायचं असतं. इस्रायलमध्ये आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये दंतचिकित्सेची खोली मुद्दाम बदलून बघितली गेली: डोक्यावरचे दिवे मंद, छतावर संथ सरकणारी प्रकाशचित्रं, शांत संगीत आणि अंगाभोवती दाब देणारं वेष्टन. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात ६ ते १२ वयाची १६२ मुलं होती, आणि त्या खोलीत त्यांच्या शरीरावरचा ताण नेहमीच्या खोलीपेक्षा कमी मोजला गेला. यात रंग एकटा नव्हता, हे विसरू नका. तुमच्याकडे करता येण्यासारखं: त्या अपॉइंटमेंटला कार्टूनची भिंत साध्या पडद्याने झाका, खोलीतले दिवे निम्मे करा, लाइट फक्त तोंडावर, आणि खोलीचे फोटो आईवडिलांना आदल्या दिवशी पाठवा, म्हणजे मूल ते घरी बघून येईल. चमकणारा प्रोजेक्टर नको.

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: पोस्टर आणि डबे हलवणं, ज्याला काही लागत नाही, मग हातमोजे-बिब-चष्मे, मग छताची चित्रं, मग दिवे, मग पट्टा, मग भिंत.

आणि फरक पडला का हे अंदाजाने ठरवू नका. पाच चेहऱ्यांची भीतीची पट्टी छापून घ्या, मूल खुर्चीत बसल्यावर त्याला बोट ठेवायला सांगा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून एका मिनिटानंतरचा ठोका लिहा. वागणुकीची फ्रँकल श्रेणी १ ते ४ (१ म्हणजे पूर्ण विरोध, ४ म्हणजे पूर्ण सहकार्य) सहायकाने द्यावी, तुम्ही नव्हे. रंग तुम्ही निवडलेला आहे, तुम्हाला सगळं बरंच दिसणार. नवीन छताचं चित्र एक आठवडा उघडं, एक आठवडा झाकलेलं, असं आलटून-पालटून करा. ‘आधीचे तीन महिने’ आणि ‘नंतरचे तीन महिने’ अशी तुलना फसवते, कारण मधे परीक्षा, उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि सर्दी-तापाचा मोसम येऊन जातो. पहिल्यांदा आलेली आणि पुन्हा आलेली मुलं वेगळी मोजा. फक्त तपासणी आणि इंजेक्शनचं काम वेगळं. प्रत्येक बाजूला तीसेक मुलं झाल्याशिवाय काही बोलू नका. आणि फरक दिसलाच नाही तर भिंत पुन्हा रंगवायला घेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वेळा संध्याकाळऐवजी सकाळी, झोप आणि खाणं झाल्यानंतरच्या ठेवा आणि वेटिंगमधला वेळ दहा मिनिटांवर आणा, मग तीच पट्टी पुन्हा लावा.